आमची वाटचाल : बांधावरच्या सडक्या केळीपासून

आमचं गाव रावेर तालुक्यातलं, घरी केळीच. कटाई झाली की वापसीचे, म्हणजे व्यापाऱ्यानं नाकारलेले घड बांधाला पडायचे, चार दिवसात त्यावर काळी बुरशी आणि पंधरा दिवसात सालीखाली नुसतं पाणी. मायक्रोबायोलॉजी शिकून आल्यावर आप्पांना सांगितलं की बुरशी पेक्टिनेज नावाचं एन्झाइम सोडते, फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन ते तोडतं, म्हणून केळ गळतं. आप्पा म्हणे, मंग हे विकता येईल का? तिथून सुरुवात.

सालींवरून बुरशी उचलली, पेक्टिनच्या प्लेटवर वाढवली. वरून आयोडीन ओतलं की पेक्टिन जिथं तुटलं तिथं कॉलनीभोवती फिक्कट कडं दिसतं. ज्या प्लेटचं कडं सगळ्यात रुंद, ती निघाली अ‍ॅस्परजिलस नायजर. शंभर वर्षं झाली, सायट्रिक अ‍ॅसिडचे कारखाने हिच्यावर चालतात. पण हिच्या काही जाती विषही तयार करतात, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत एक ग्रॅमही बाहेर दिला नाही आणि देणारही नाही.

आमची पद्धत साधी आहे, गव्हाचा कोंडा ओला करायचा, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात, 121 डिग्रीवर निर्जंतुक करायचा, गार झाला की त्यात बुरशीचं विरजण मिसळून ट्रे 30 डिग्रीच्या खोलीत ठेवायचे, तीन-चार दिवसांनी पाण्यात एन्झाइम उतरवून गाळून घ्यायचं.

पहिल्याच मे महिन्यात पूर्ण लॉट गेला. बाहेर 45 डिग्री, लाईट गेलेली, आणि बुरशी वाढताना स्वतः पण तापते हे मी पुस्तकात वाचलेलं पण हाताला कळलं नव्हतं. ट्रेच्या मधोमध बोटं घातली तर चटका, वर पांढरा कापूस आणि आत आंबूस भुरकट गोळा. सगळं उकिरड्यावर टाकलं, त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून कोंड्याचा थर दोन सेंटिमीटरच्या वर जात नाही आणि जनरेटर कायम तयार.

केळीचा गर घट्ट, दाबला तरी रस सुटत नाही. आमचं एन्झाइम घालून 45-50 डिग्रीला ठेवला की रस मोकळा होतो. प्रत्येक लॉटला आप्पा स्वतः टेस्ट करतात, गाळलेल्या रसात स्पिरिट टाकायचं, जेलीसारख्या गाठी आल्या म्हणजे पेक्टिन शिल्लक आहे, माल थांबवायचा.

वापसीची केळी आता आम्ही पैसे देऊन घेतो, आणि सध्या त्याच केळीची साल वाळवून कोंड्यात अर्धी मिसळून बघतोय. पहिले चार ट्रे परवा उघडायचेत.