आमच्या हलगीला कुणी हेडबँड लावून मोजलं नाही

सप्टेंबरात इथे कॅनडात हॅमिल्टनला सुपरक्रॉल नावाचा रस्त्यावरचा संगीत महोत्सव असतो, जेम्स स्ट्रीट गाड्यांना बंद, स्टेज रस्त्यावर, तिकीट-बिकीट काही नाही. यंदा तिथे वॉकर घेऊन आलेल्या एक आजी बघितल्या, ऐंशीच्या तरी असतील, ड्रमर तापला तसे त्यांनी वॉकरचे ब्रेक लावले आणि कंबर हलवायला सुरुवात. कुणी मोबाईल काढला नाही, कुणी "आजी जपून" म्हणलं नाही. आपल्याकडे असती तर संध्याकाळपर्यंत रील नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत फिरली असती.

भारी वाटलं म्हणून फॅमिली ग्रुपवर लिहिलं, तर भाच्याने कुठूनतरी शोधून हॅमिल्टनचंच संशोधन माझ्या तोंडावर मारलं. मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत लाईव्हलॅब म्हणून हॉल आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या कार्यक्रमात लोकांच्या डोक्याला सेन्सरचे हेडबँड बांधले आणि 8 ते 37 हर्ट्झचे, म्हणजे अगदी खोल बासचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. लोकांना फरक ओळखू येत नव्हता, तरी स्पीकर चालू असताना ते सरासरी 11.8 टक्के जास्त हलले. 2022 साली छापून आलंय. "मामा, तुमच्या कॅनडावाल्यांनीच सांगितलं, बास पाहिजेच." दर गणपतीत मी त्याच्याशी डीजेवरून भांडतो, त्यामुळे हे जरा लागलंच.

पण अरे, त्यांचा तो बास कानाला कळतही नव्हता आणि तुमच्या डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीसमोर छाती धडधडते, शेजारचे आजोबा दारं-खिडक्या लावून बसतात, दोन्ही एक कसं? शिवाय त्याच लाईव्हलॅबचा 2019 चा दुसरा अभ्यास आहे, तो भाच्याने सोयीस्कर सोडला. काही लोकांना गायक समोर, काहींना त्याच हॉलमध्ये नुसता अल्बम ऐकवला, तर गायक समोर असणाऱ्यांची डोकी जास्त जोरात हलली.

हे सांगायला लॅब कशाला पाहिजे म्हणा. आमच्या सोलापुरात गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला या. हलगी जाळावर शेकून कडक करतात, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी, टिपरूने ठेका आणि काडीने कडकडाट, आणि वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर. माणूस दमला की तो जरा सैल सोडतो, मग रंगात आला की मुद्दाम एक ठोका गाळतो आणि त्या मोकळ्या जागेत खांदा आपोआप उडतो. ठोके अपेक्षेपेक्षा थोडे आडवे पडले, पण फार गुंतागुंत नसली, की अंग सर्वात जास्त हलावंसं वाटतं, असं 2014 च्या एका अभ्यासातही आलंय. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या निघतात, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" होतं, तेव्हा लग्नात कोपऱ्यातली खुर्ची न सोडणारा माझा धाकटा भाऊ बाराबंदी घालून कसा उड्या मारतो बघा. डीजेच्या पेन ड्राईव्हला कुणाचे पाय दिसतात का बे?

आता इथे बसून मला काय जातंय बोलायला, असं ताई म्हणते. आणि खरं तर मिरवणुकीत आमच्यासारखे नोकरीवाले पूर्वीही कडेलाच उभे असायचो, ते इथे येऊन मोकळे झालो, हेही आहे. तरी भाच्याला म्हणलं, नवरात्राला मंडळाकडून हलगी पथक लावा, पैसे मी पाठवतो.

"पाठवा की मामा, डीजेवाल्याचे निम्मे अजून द्यायचेत."