बेसॉल्टमधला बोगदा आणि लाल थर

नागपूरहून मुंबईला जाताना इगतपुरी सुटली की घाटातले बोगदे लागतात. तिथला काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला दगड, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीतही आहे. लाव्हा एकदाच वाहिला नाही. थरावर थर साचले आणि मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजला, कुठे तळी साचली. नागपूर परिसरातले असे मधले थर आणि त्यांतले जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच अभ्यासले होते. बोगदा काढताना सगळं लक्ष या मधल्या थरांवर हवं. काळा पत्थर कठीण असला तरी इमानदार आहे.

घाटात दोन लाव्ह्यांच्या मधे बऱ्याचदा लाल मातीसारखा थर येतो, त्याला रेड बोल म्हणतात. कोरडा असताना तो टणक वाटतो. पाणी लागलं की फुगतो, भुगा होतो. वरच्या बेसॉल्टच्या भेगांतून उतरलेलं पाणी याच थरावर अडतं, म्हणून तिथेच झरे फुटतात. हा थर छताच्या थोडा वर असला तर खालची कातळाची लादी सुटून अख्खी खाली येते. तळाशी असला तर डंपरच्या चाकांखाली चिखल होतो आणि पुढे गाडी सुरू झाल्यावर तोच चिखल गिट्टीत वर येऊन रूळ खचवतो.

म्हणून फेसच्या, म्हणजे खोदाई चालू असलेल्या समोरच्या भिंतीच्या, पुढे दहा-पंधरा मीटर चाचणीचं भोक आधी मारावं आणि भोकातून परतणाऱ्या पाण्याचा रंग बघावा. ते लाल झालं की सावध व्हायचं.

चांगल्या बेसॉल्टमध्ये सुरुंगाचा बार भरायला साधारण 3 मीटरची भोकं चालतात. मधली भोकं आधी उडवायची, म्हणजे बाकीच्या दगडाला सुटायला जागा मिळते. कडेची सगळ्यात शेवटी, जवळजवळ मारलेली आणि हलका बार भरलेली. कडेला बार जास्त झाला की खोदाई आखणीबाहेर जाते आणि ती पोकळी काँक्रीटनेच भरावी लागते. धूर निघाला की छताचे सैल दगड सळईने पाडायचे. या कामाला घाई करणं अक्षम्य आहे, माणसं इथेच दगावतात. उडवलेला दगड फुगून दीडपटीच्या आसपास होतो, डंपरचा हिशेब त्यावर धरावा. मग 50 मिलिमीटर शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट), रॉक बोल्ट (कातळात ठोकून बसवलेल्या पोलादी सळया) आणि वर शॉटक्रीटचा दुसरा हात.

लाल थरात हे गणित बदलतं. एका वेळी मीटरभरच पुढे जायचं, छतावर आधी पाइपांची छत्री ठोकायची, लोखंडी कमानी उभ्या करायच्या आणि उघडा पडलेला थर त्याच पाळीत शॉटक्रीटने झाकायचा. हवेतला ओलावासुद्धा त्याला भुसभुशीत करतो. तळाला काँक्रीटही लगेच हवं.

एक चूक मात्र वारंवार दिसते. शॉटक्रीट मारलं की पाणी थांबल्यासारखं वाटतं, पण ते मागे साचून दाब वाढवत राहतं आणि पावसाळ्यात पापुद्रा सोलून टाकतं. लाल थराच्या लगेच वर निचऱ्याची भोकं पाडून ती बाजूच्या गटाराला जोडावीत, आणि हे काम अस्तराच्या काँक्रीटआधीच उरकावं.