जानेवारीची मापं

८ जानेवारी

आज सात बाराबंद्या कापल्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची काठी धरणारे घालतात ते बंदांचे पांढरे अंगरखे. अजून चौदा बाकी आहेत आणि यात्रेतला अक्षतांचा सोहळा सहा दिवसांवर. दरवर्षी ठरवते की यंदा डिसेंबरातच ऑर्डरी बंद करायच्या, आणि दरवर्षी शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी जावई दारात उभा राहतो. "काकू, एवढी एकच." यात्रेच्या कपड्याला नाही म्हणायची हिंमत होत नाही. ज्याच्या कमरेला काठी बसणार आहे त्याला परत कसं पाठवायचं?

बाराबंदीत अंगाची शिलाई अर्ध्या तासाची. वेळ खातात ते बंद. पट्टी उलटी दुमडून शिवायची, मग एका टोकाला सेफ्टी पिन लावून ती नळीच्या आत सरकवत, चिमटीत ओढत ओढत सगळी पट्टी सुलटी करायची. पिन मध्येच उघडली की बोटाला टोचते आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडतो. मग ती पट्टी बाद. काही जण हल्ली सहा बंदांवर भागवतात, आतून वेल्क्रो लावणारेही बघितले. मला या घरात शिवण सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं म्हणणं, नावात बारा आहेत तर बारा.

रात्री साडेनऊनंतर कोपऱ्यावर काठीचा सराव चालतो. नंदीध्वज म्हणजे तीस फुटांवरची काठी. कमरेच्या पट्ट्यात खोचून तोल धरत चालायचं. नवीन पोरगा असला की पुढचे-मागचे ओरडतात, "वर बघ, वर बघ! खाली काय बघलालास बे!" काठी सांभाळायची तर शेंड्यावर नजर ठेवायची, पायाखाली नाही. मशिनवर बसून हे ऐकताना दरवेळी हसू येतं. माझं काम नेमकं उलटं, वर बघितलं की सुई बोटात.

१० जानेवारी

पाणी आलं नाही. पाळी आजची होती. उजनी शंभरावर किलोमीटरवर, मध्ये कुठे काय फुटलं असेल देव जाणे. टाकीत अर्धी कळशी पाणी आहे. कपडे राहिले.

शाळांचे गॅदरिंग सुरू झालेत. दुपारी माझ्या धाकट्या मुलीच्या शाळेतून बाई आल्या. आठवीच्या बारा पोरींचा कोळी डान्स, आणि भाड्यानं कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडचे कपडे मापाला बसत नाहीत. नेहमीचंच आहे. ड्रेपरीवाला एकाच मापाची नऊवारी सगळ्या शाळांना फिरवतो, ती कुणाला घोट्यापर्यंत तर कुणाला गुडघ्यापर्यंत. बाईंना म्हटलं, कंबर आणि निऱ्या तेवढ्या दुरुस्त करून देते, नवीन शिवायला वेळ नाही. समुद्र आपल्यापासून एवढा लांब, आणि सोलापुरातल्या प्रत्येक गॅदरिंगला कोळी डान्स का लागतो हे मात्र त्यांना विचारायचं राहिलं.

गणवेशाचं एक दुखणं लिहून ठेवते. एका खासगी शाळेनं यंदा दिवाळीनंतर, म्हणजे निम्मं वर्ष सरल्यावर, स्कर्टचा चौकडा बदलला. नवं कापड एकाच दुकानात मिळतं, शिलाईसकट. ठरावीक दुकानाची सक्ती करू नये असे सरकारी आदेश आहेत, पण कागदावर कुणी सक्ती करतच नाही. "तिथे मिळेल" एवढंच तोंडी सांगतात. तीन आया जुने स्कर्ट घेऊन आल्या, याचंच काही होतं का बघा म्हणून. चौकड्याचं काय होणार? रेघा मोठ्या करता येत नाहीत.

त्यापेक्षा सरकारी शाळेची तऱ्हा वेगळी. तिथे पहिली ते आठवीच्या मुलाला दोन गणवेश फुकट, त्याचे सहाशे रुपये शाळेला मिळतात. मध्यंतरी 'एक राज्य एक गणवेश' निघालं होतं. कापलेले तुकडे गठ्ठ्यानं यायचे आणि बचत गटाच्या बायकांनी ते जोडायचे. तक्रारी राज्यभर झाल्या. कुणाला बाही लांब, कुणाला विजार आखूड, कुणाकडे अर्धं वर्ष गेलं तरी पत्ता नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ते सगळं परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. मंत्रालयातल्या कुणी एकदा एका वर्गात इंचटेप घेऊन जायला हवं होतं. पाचवीच्या एकाच बाकावर छाती बावीस आणि छाती तीस शेजारी शेजारी बसलेली असते.

१० जानेवारी, रात्री

झोप येईना, म्हणून मापाच्या जुन्या वह्या काढल्या. एका गिऱ्हाइकाचं तीन वर्षांपूर्वीचं माप हवं होतं, ते सापडलं नाही. भलतंच वाचत बसले.

सुरुवातीच्या वह्यांत मी शाळेप्रमाणे पानं पाडली होती. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. महापालिकेच्या शाळा आपल्याकडे या सगळ्या माध्यमांच्या, त्यामुळे एकाच गल्लीतून सकाळी पोरं चार भाषांत पांगायची. तेलुगू शाळेची पानं भरलेली, कारण शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायका साखर पेठेतून इथवर यायच्या, शिलाई दोन रुपयांनी कमी म्हणून. पुढच्या वह्यांत ती पानं अर्धी. त्याच्या पुढच्या वहीत दोन नावं आणि खाली कोरा कागद, ज्यावर मी नंतर किराण्याचा हिशेब केलाय. कन्नडचंही तेच, जरा सावकाश. नावं गेलेली नाहीत. तीच आडनावं आता टाय आणि ब्लेझरच्या पानावर आहेत. ब्लेझर! मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो त्या गावात!

दोष तरी कुणाला देणार? माझी धाकटी सेमी-इंग्रजीत आहे. मीच घातली.

१२ जानेवारी

सकाळी सहा वाजता चार टोप्या द्यायच्या होत्या. पाच वाजता चौथीची शिलाई उसवून परत घातली.

आज चार हुतात्म्यांचा दिवस. १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. आमच्या आजेसासऱ्यांच्या तोंडी तो 'मार्शल्ला' होता, एकच शब्द, पाहुण्याचं नाव घ्यावं तसा.

प्रभातफेरीत एका शाळेची चार पोरं चार हुतात्मे झाली होती. कपडे माझ्याकडचे. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, म्हणून सरांनी त्या पोराच्या हातात कागदाची गुंडाळी दिलेली. तो पोरगा घरी तेलुगू बोलतो. सारडा झालेल्याची आई कन्नड. शिंदे उर्दू शाळेतून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेला. आणि धनशेट्टी झालेला, तो तेवढा मराठी, तो वाटेत रडला, कारण त्याला कुर्बान हुसेन व्हायचं होतं, कागद हातात मिळतो म्हणून. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालताना सरांनी गुंडाळी त्याच्याकडे दिली. दोन मिनिटं धनशेट्टींनी गझनफर धरला. फोटोत तसंच आलंय.

साखर पेठेतल्या अक्का नातवाला घेऊन आल्या होत्या. अक्का पंचेचाळीस वर्षं विड्या वळतात. विडी कारखान्याच्या ब्रँचवर माल देताना तिथला माणूस विडी बोटांत फिरवून बघतो आणि पसंत नसली की छाट म्हणून बाजूला टाकतो, तशा त्या माझी शिलाई बोटांत फिरवून बघतात. आजपर्यंत त्यांनी माझं काही छाटलेलं नाही. आज टोपीची कड बघून म्हणाल्या, "घाईत केलंस." पाच वाजताची टोपी बरोबर ओळखली.

१३ जानेवारी

भोगी. भाजी, तीळ लावलेली भाकरी, लोणी. बाजरीचं पीठ मशिनच्या चाकावर उडालं, ते पुसायचं राहिलंय.

आज यण्णीमज्जन. सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करायला दिवसभर शहरभर फिरतात. ज्यांची ही यात्रा त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात ही लिंगं स्थापली. त्यातली काही आता दुकानाच्या ओट्याखाली, एक पार्किंगच्या कडेला, एक पोलीस चौकीच्या मागे, अशी मला स्वतःला ठाऊक आहेत. वर्षभर त्यांच्यापुढे स्कूटर लावणारा माणूस आज स्कूटर काढून पाणी मारतो.

शेवटच्या पाच बाराबंद्या दुपारी तीनपर्यंत दिल्या. सगळ्यात शेवटी कॉलेजातला एक पोरगा आला, यंदा पहिल्यांदा काठीखाली जाणारा. पाच वर्षांचा असताना याला मी गॅदरिंगसाठी वासुदेव शिवला होता, वहीत माप आहे, छाती बावीस. आता अडतीस. ओल्या इस्त्रीसकट तो कपडा पिशवीत घालून पळाला.

१४ जानेवारी

सकाळपासून पांढरंच पांढरं. रस्त्याच्या कडेला दोन तास उभी होते, धाकटी कंटाळून बहिणीकडे गेली. लोक काठ्या बघतात, मी शिवण बघते. खांदा ओढतोय तो शुक्रवार पेठेतल्या टेलरचा. काखेत कळी घातलेली नाही म्हणून हात वर होईना तो रेडिमेडचा. माझे अकरा ओळखले.

अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यापाशी पोचायचा प्रश्नच नव्हता, एवढी गर्दी. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, त्याचा हा सोहळा. दरवर्षी लग्न, दरवर्षी अक्षता. लाऊडस्पीकरवर सम्मतीचं, म्हणजे या लग्नातल्या मंगलाष्टकांसारख्या पाठाचं वाचन ऐकू येत होतं आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हटलं की तळ्यापासून रस्त्यापर्यंत सगळ्यांचे हात एकदम वर. माझ्या मुठीतले तांदूळ पुढच्या बाईच्या गजऱ्यात पडले. तिचे कुणाच्या तरी टकलावर.

कन्नडमधली ती सम्मती माझ्या धाकटीला कळत नाही. मलाही निम्मीच कळते. सासूबाईंना सगळी पाठ होती, आणि त्या शाळेत एक दिवसही गेलेल्या नव्हत्या.

१६ जानेवारी

गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत गेलो. होम मैदान आता स्मार्ट सिटीतून नीटनेटकं केलेलं आहे, कडेला फरशी, दिवे. पण पाळण्याखाली उभं राहिलं की डिझेलचा तोच वास. मौत का कुआँपाशी धाकटी तिच्या वर्गातल्या तिघींना भेटली आणि मला विसरली. मी बांगड्यांच्या रांगेत. नंतर दारूकाम. सगळं आकाश पेटलं तेव्हा शेजारच्या बाळानं कानावर हात न ठेवता डोळ्यांवर ठेवले.

पाणी रात्री दीडला आलं. तीनपर्यंत भरलं.

१७ जानेवारी

आज कप्पडकळी, म्हणजे शेवटचा विधी, यात्रा संपली. दुकानात पसारा. बाराबंद्यांच्या पट्ट्यांचे तुकडे, कोळणींच्या जरीचे धागे, आणि पट्ट्याच्या खाली, पायडलच्या मागे, एक शिवून तयार असलेला, सुलटा केलेला बंद. बघितल्याबरोबर पोटात गोळा आला. म्हणजे कुणाची तरी बाराबंदी अकरावर गेली.

दुपारी तो छाती अडतीसवाला पोरगा आला. कमरेला काळंनिळं पडलेलं, ते आधी दाखवलं, पदक दाखवावं तसं. मग पिशवीतून बाराबंदी काढली. हळद, तेल आणि मातीनं ती पांढरी राहिली नव्हती. "काकू, डाव्या बाजूला एक बंद कमी होता. तिथे सेफ्टी पिन लावली."

"मग परत का नाही आलास? तेव्हाच लावून दिला असता."

"मिरवणुकीतनं कसं येणार? आणि वर बघायचं होतं की."

मी त्याच्या समोर बसून बारावा लावला. पिन काढली तेव्हा कापडाला दोन बारीक भोकं पडलेली दिसली. ती रफू करायला घेतली तर म्हणाला, राहू द्या. जाताना वहीत माप परत लिहून घ्या म्हणाला, पुढच्या वर्षी व्यायाम करून छाती चाळीस करणार आहे. मी अडतीसच लिहिलं, पेन्सिलीनं.