यांची वारी मी चालले

नागपूरजवळच्या धापेवाड्याच्या विठ्ठलाची वारी आमच्या घरात यांची. लग्न झालं तेव्हापासून बघतेय, आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे चारला उठणार, गार पाण्याने आंघोळ, गळ्यात टाळ आणि काटोल नाक्यावर जाऊन दिंडीत सामील. पंढरपूरला जाणं कधी जमलं नाही, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, तेवढी रजा कोण देतं, पण धापेवाडा एकदाही चुकला नाही. मी कधीच सोबत गेले नव्हते. हे परत आले की पाय शेकायला गरम पाण्याचा गंज ठेवायचा, एवढीच माझी वारी.

मग यांच्या किडन्या गेल्या. आधी पायावर सूज, मग दम, मग एका रात्री सरळ ॲडमिट, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळेला चार तास. नोकरी सुटली. सरकारी योजनेत बसलं म्हणून डायलिसिस निभावलं, नाहीतर आम्ही कुठून आणणार होतो. पण पैशापेक्षा मला पाण्याचा हिशोब जास्त जड गेला. दिवसभरात चहा, वरणाचं पातळ, गोळी गिळायचा घोट, सगळं धरून एक लिटर, त्याच्यावर नाही. मे महिन्यातल्या नागपुरात, जिथे कूलरसमोर बसूनही घसा कोरडा पडतो, तिथे माणूस बर्फाचा छोटा खडा चघळत दुपार काढतो हे मी रोज बघत होते. पोटॅशियम वाढतं म्हणून संत्रंही बंद. संत्र्याच्या गावात राहून.

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवाजवळ दिवा लावणं सोडलं होतं. भांडण नाही केलं, नुसतंच बोलणं बंद. आणि यांना त्याचं काहीच वाटलं नाही, सुई टोचलेला हात तसाच ठेवून हे दुसऱ्या हाताच्या बोटांवर नाम मोजत पडून राहायचे. मला राग यायचा त्या शांतपणाचा.

आषाढ लागला तसे हे म्हणाले, "वारी मोडल, तू जाशील का?" मी म्हटलं तुम्हाला एकटं टाकून? तर म्हणाले ताई येऊन राहते म्हणाली आहे, म्हणजे माझ्या नणंदेशी बोलूनही झालं होतं. नशिबाने वारही असे जुळले, एका दिवशी डायलिसिस, मधला मोकळा दिवस चालायचा, पौर्णिमेला पहाटे दर्शन, दुपारपर्यंत घरी आणि चार वाजताच्या शिफ्टला पुन्हा डायलिसिस. निघताना यांनी टाळ माझ्या गळ्यात घातले आणि म्हणाले, "माझ्या वाटचं पाणी पण पिऊन घे रस्त्यात." ते अगदी सहज बोलून गेले पण मला पायऱ्या उतरताना दिसेना.

काटोल नाका, गोरेवाडा, फेटरी करत करत आम्ही चाललो. रात्री पाऊस होऊन गेला होता, रस्त्याच्या कडेला काळ्या मातीचा चिखल, चपलेला लोळा चिकटायचा. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारे खंजिरीवाले, मागे टाळकरी, आणि जिथे गाव लागेल तिथे लोक हातात जग आणि ग्लास घेऊन उभे, "माउली पाणी, माउली चहा". पहिल्या ठिकाणी मी घेतलंच नाही. दुसऱ्या ठिकाणीही नाही. तहान लागलेली पण घशाखाली उतरेना, घरी हे आता कितवा घोट मोजत असतील तेच डोक्यात.

माझ्या बाजूला काटोलकडची एक आजी चालत होती, नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पन्नीत गुंडाळलेलं गाठोडं, पायात काही नाही. तिने बघितलं आणि सरळ विचारलं, "पानी काहून नाई घेत वं?" मग मी सगळं सांगितलं, अनोळखी माणसाला सांगणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं, किडनीपासून ते बंद केलेल्या दिव्यापर्यंत. तिने मधे एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, "तुह्या मानसानं पाठवलं नं तुले? मंग त्याच्या नावानं पी. अन् त्याले काय सांगाचं ते सांगू नको, त्याले ठाऊक हाय. नाव घे फक्त, पाय उचलते आपोआप." त्यातला कोणता 'त्याले' माझ्या नवऱ्यासाठी आणि कोणता विठ्ठलासाठी, मला नीट समजलं नाही. पण पुढच्या गावात मी दोन ग्लास पाणी प्यायले. मोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हणत प्यायले आणि तिथेच रडले.

कळमेश्वर सोडलं की दोन्हीकडे संत्र्याच्या बागा लागतात, आंबिया बहाराची हिरवी गच्च फळं लटकलेली. तिथून पुढे आजी मला धापेवाड्याच्या संत कोलबा स्वामींची गोष्ट सांगायला लागली. मी ती यांच्याकडून शंभरदा ऐकलेली, पण ऐकलीच नव्हती असं म्हणायला हवं. स्वामी दरवर्षी पायी पंढरपूरला जायचे, म्हातारपणी पाय थकले, जाणं होईना, तेव्हा विठ्ठलाने स्वप्नात येऊन सांगितलं की तू येऊ नको, मीच तुझ्या गावच्या विहिरीत आहे, आणि मूर्ती खरंच विहिरीत सापडली. म्हणून पौर्णिमेला पंढरपूरचा पांडुरंग धापेवाड्याला येतो असं आपल्याकडे मानतात. मी रस्त्यातच थांबले. ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे देव निघून येतो, हे ज्या गावात घडलं त्याच गावाला हे इतकी वर्षं चालत जात होते, आणि आता यांचेच पाय थकलेत. म्हणजे डायलिसिसच्या खाटेवर जो शांतपणा मी बघत होते तो एकट्याचा नव्हता तर.

संध्याकाळी धापेवाड्याच्या चंद्रभागेच्या काठी पोचलो, इथल्या नदीचं नावही तेच. नदी गढूळ, भरलेली, आणि पलीकडे दिव्यांत देऊळ. आजीने घाटावरूनच कळसाला हात जोडले, गाठोडं उचललं आणि म्हणाली येतो मी, वावरात निंदन खोळंबलं. मी म्हटलं आजी एवढं चालून दर्शन नाही घेणार? ती म्हणाली, "झालं नं." नावही विचारायचं राहिलं.

मी मात्र रात्रभर रांगेत होते. पहाटे समोर गेल्यावर किडनी मागायची होती, ठरवून गेले होते, आणि तोंडातून निघालं की यांची वारी आणली आहे, घे. एवढंच. मागून लोकांनी ढकललं आणि मी बाहेर.

एसटीने बाराच्या आत घरी. हे दारातच खुर्ची टाकून बसले होते. छोट्या डबीत तीर्थ आणलं होतं, एक चमचा यांच्या तळहातावर घातलं. डोळे मिटून घेतलं, हात डोक्यावरून फिरवला, आणि मी सवयीने वहीत पाण्याच्या रकान्यात लिहायला गेले तर म्हणाले, "ते नको लिहू."

चार वाजता आम्ही डायलिसिसला गेलो. सुई लागल्यावर यांनी बोटं मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी स्टूल जवळ ओढून बसले आणि दुसऱ्या बाजूने मोजायला लागले.