आमची वाटचाल: सायकल स्टोअर्स ते स्पेअर पार्ट्स

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि शेजारच्या गाळ्यात स्पेअर पार्ट्सचं दुकान. काउंटरवर मी बसतो, गॅरेज धाकटा भाऊ पाहतो. सुरुवात कशी झाली असं कोणी विचारलं की मी एकच सांगतो, बाबांच्या लूना मोपेडमुळे. ती गाडी घरात आली नसती तर सायकलींच्या धंद्यासोबत आम्हीही संपलो असतो.

बाबांचं सायकल स्टोअर्स होतं. तासाच्या भाड्याने सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, बाजाराच्या दिवशी हवा भरायची. लूना १९७२ मध्ये बाजारात आली, फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. त्याच साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदीही, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायची योजना, सुरू झाली. कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडले की घरात एखादी मोठी वस्तू यायची, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे लूना आली ती बरीच उशिरा, ऐंशीच्या दशकात, एका मास्तरांची वापरलेली. बाबांनी ती धुऊन पुसून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानासमोर अख्खी खोलून ठेवली. आई घाबरली होती, ‘पैसे गेले पाण्यात’ म्हणून.

पण बाबांना नेमकं तेच पाहायचं होतं. स्पोक, चेन, फ्रीव्हील, पायडल, ब्रेकची तार, सगळं ओळखीचं. नवीन काय, तर छोटंसं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, ठिणगीसाठी वीज करणारा मॅग्नेटो आणि ठिणगी पाडणारा प्लग. म्हणजे अर्धी गाडी त्यांना आधीच येत होती. तालुक्यातले बरेच सायकल मिस्त्री मोटारसायकलला हात लावायला कचरायचे. लूनाने तो मधला रस्ता करून दिला. आमच्या धंद्याचा खरा पाया मी यालाच मानतो.

पहिला धडा पेट्रोल-ऑइलच्या मिक्सिंगचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबतच ऑइल जळतं. माप कमी पडलं की पिस्टन जाम, जास्त झालं की प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन बसतो. खेड्यात बाटलीतून सुटं पेट्रोल मिळायचं, त्यात ऑइल किती कोण जाणे. मग गिऱ्हाईक गाडी ढकलत आणायचं, ‘मिस्त्री, गाडी चढावर मरते, कावून गा?’ बाबा आधी सायलेन्सरला हात घालायचे. आतली जाळी काढून पेटत्या गोवऱ्यांत टाकायची, लाल झाली की चिमट्याने धरून दगडावर ठोकायची. काळे पापुद्रे सुटून पडायचे. जाळी परत बसवली की गाडी सुटलीच! प्लगच्या टोकावर पॉलिश पेपर फिरवणं हे माझं काम होतं. जळलेल्या ऑइलचा तो वास शाळेच्या शर्टालाही यायचा आणि मला आवडायचा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आमची जमीन काळी, कापसाची. पाऊस पडला की ती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. वावरातून सडकेपर्यंत येताना बाबा दर थोड्या अंतरावर उतरायचे आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीने माती खरवडायचे. कंटाळून एका मृगात त्यांनी लांब बोल्ट आणि वायसर घालून पुढचं मडगार्ड बोटभर वर उचललं. मागे अँगलचं कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं, त्यावर फवारणीचा पंप नीट बसायचा. गावातल्या लोकांनी पाहिलं आणि ‘आमचीही तशीच करून द्या’ म्हणू लागले. कंपनीने जे दिलं नव्हतं, ते आमच्या दुकानात होऊ लागलं. गाडी वावरात चालली पाहिजे, या एका गोष्टीवर आम्ही आजही काम करतो.

बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करायचं, काम यवतमाळच्या लेथवर जायचं. सिलिंडर घासला की पॉइंट पंचवीस, मग पॉइंट पन्नास मिलिमीटर असा मोठा पिस्टन टाकायचा. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स निघालं आणि सिलिंडर पिशवीत घेऊन यवतमाळला जाणं माझ्याकडे आलं. तिथेच मला कळलं की पिस्टन, रिंग, गॅस्केट, क्लच शू हे आपणच गावात ठेवले तर मिस्त्रीचाही वेळ वाचतो आणि दुकानही चालतं. पार्ट्सचं दुकान निघालं ते असं. माल एस.टी.च्या पार्सलने यायचा.

उधारीबद्दल बोलायलाच हवं. पेरणीच्या दिवसांत कोणाकडे पैसा नसतो आणि गाडी तर तेव्हाच लागते. ‘चुकारे आले का देतो, बापा,’ एवढ्या शब्दावर बाबा गाडी सोडायचे. वही दिवाळीनंतर मोकळी व्हायची. नापिकीच्या वर्षी काही पानं तशीच राहिली, ती बाबांनी कधी मागितली नाहीत. मीही मागत नाही.

पुढे हिरो होंडा आली. त्यांची सीडी १०० मोटारसायकल निघाली १९८५ मध्ये, पण आमच्याकडे खरी गर्दी झाली १९९४ नंतर, स्प्लेंडरमुळे. फोर-स्ट्रोक, धूर नाही, अॅव्हरेज दांडगं. व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, टॅपेट सेटिंग हे बाबांच्या पलीकडचं होतं, म्हणून भाऊ नागपूरच्या एका गॅरेजमध्ये राहून शिकून आला. लूना रस्त्यावरून कमी होत गेली. तिची जागा टीव्हीएसच्या एक्सएल मोपेडने घेतली आणि दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, खताचं पोतं तिच्यावर चढलं. मडगार्ड आम्ही तिचंही उचलतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आलं. एक्सएलमध्येसुद्धा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारून गाडी चालू करणारे आम्ही, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर घेताना बराच विचार केला. पण न घेता भागलं नसतं, कारण गिऱ्हाईक तेच आहे आणि त्याला गाडी सकाळी वावरात न्यायची असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना बॅटरीवर परत आली. बाबा आता दुकानात रोज येत नाहीत, पण ती बातमी त्यांनी पेपरात दोनदा वाचली आणि विचारलं, ‘पायडल हाय का तिले?’ तशी गाडी आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा काम निघालं पंक्चरचं, बाभळीचा काटा. बाकीचं अजून शिकायचं आहे. भावाचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. गॅरेजच्या मागे त्याच्यासाठी पत्र्याचं शेड टाकून ठेवलंय, दिवाळीनंतर बॅटरीच्या गाड्या तिथे घेऊ. लूनाचे प्लग, क्लच शू आणि केबल मात्र आम्ही अजून ठेवतो. दिग्रस, आर्णीकडून लोक त्यासाठी येतात.