माझा सीआरपी ११.४ होता

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. २०१३ साली निवृत्त झाले. आमच्या वेळी सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन, काचेवर बघायचे. काळ्या गोलांची स्लाइड, त्यावर सीरमचा एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, काडीने ढवळायचं आणि दोन मिनिटं स्लाइड हातात घेऊन डोलवत राहायचं. थेंब दुधासारखा एकसारखा राहिला तर निगेटिव्ह. दूध नासल्यासारखे बारीक दाणे धरले तर पॉझिटिव्ह. शरीरात कुठेतरी दाह चालू आहे, एवढंच ते दाणे सांगतात. कुठे आणि कशामुळे, हे विचारायला दुसरीकडे जावं लागतं. हे मला पाठ होतं. तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा मी सगळं विसरले.

२०२२ च्या दिवाळीनंतर माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे घरच्यांना वाटलं दुःख अजून ओसरलं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनीही "वय झालं, एकटेपणा आहे, होतं असं" म्हणून झोपेची गोळी आणि टॉनिक दिलं. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनची दोन वेगवेगळी औषधं पुरेसे दिवस देऊन पाहिली. फरक पडला नाही. जेवणाची चव गेली, आठ-नऊ महिन्यांत ११ किलो वजन उतरलं. सूनबाई ताट वाढायची आणि मी भाताची शितं मोजत बसायचे.

मग ते सुरू झालं. माझी खात्रीच पटली की १९९४ साली मी एक क्रॉसमॅच, म्हणजे रक्त चढवण्याआधीची जुळणी, चुकीची केली आणि त्यामुळे एक बाळंतीण दगावली. असं काही घडलं नव्हतं. मुलाने माझ्या जुन्या रुग्णालयातल्या निवृत्त सिस्टरना मुद्दाम घरी आणलं. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, असं झालं असतं तर मला कळलं नसतं का?" मला वाटलं, बघा, या पण झाकताहेत. मी मुलाला म्हणायचे, पोलिसांना बोलव, मला घेऊन जाऊ दे. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, हा हट्ट नसतो. मला ते तितकंच खरं दिसत होतं जितका आत्ता समोरचा कागद दिसतोय.

यातूनच मरणाचा विचार आला. आधी नुसताच, "सुटले असते तर बरं" असा. मग बेत ठरला. तो काय होता ते मी लिहिणार नाही, त्याची कुणाला गरज नाही. ऑगस्टमध्ये मुलगी पुण्याहून आली होती. रात्री माझ्याशेजारी झोपली असताना तिने अंधारात सरळ विचारलं, "आई, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?" नऊ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. ती रडली नाही, ओरडली नाही, देवाचं नाव घे म्हणाली नाही. तिने दिवा लावला आणि १४४१६ वर फोन केला. ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं तसं सूनबाईने घरातल्या काही गोष्टी कुलपात ठेवल्या, मला रात्रभर एकटं सोडलं नाही, आणि सकाळी आम्ही मिरजेला निघालो.

मिरजेच्या डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाच्या. मला "काकू" म्हणायच्या. त्यांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. एवढं वजन का उतरलं हे शोधायला फिजिशियननी सगळ्या तपासण्या लावल्या: थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम, छातीचा एक्स-रे, ईसीजी, मेंदूचा सीटी, ईएसआर, सीआरपी. ईएसआर ४८. सीआरपी ११.४. हे दोन्ही दाहाचे आकडे चढलेले, बाकी सगळं जवळजवळ ठीक.

तो कागद मी उशाखाली ठेवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला कशात तरी रस वाटला. सगळं आयुष्य मी रक्तात आजार शोधला होता, आणि जे रक्तात दिसत नाही ते मनातून कधी आजार मानलंच नव्हतं. आमच्याकडे "सायकियाट्री वॉर्डचं सँपल" म्हणून हसत हसत बाजूला ठेवलं जायचं, आणि मीही तेच केलंय. आता माझ्याकडे आकडा होता. मी डॉक्टरना म्हटलं, "बघा, दाह आहे. डोक्यातला नाही, रक्तातला आजार आहे माझा."

त्यांनी मला उडवून लावलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि मी टेक्निशियन आहे हे धरून बोलल्या. यकृताला सीआरपी बनवायचा निरोप देणारा मुख्य रेणू म्हणजे आयएल-६, कोविडच्या लाटेत घराघरात पोचलेलं नाव. डिप्रेशनच्या काही रुग्णांमध्ये हे दोन्ही थोडे चढलेले सापडतात, सगळ्यांमध्ये नाही. त्या मला सुचवत होत्या तो उपचार म्हणजे ईसीटी, विजेच्या झटक्याने मुद्दाम फीट आणायची, ज्याला लोक शॉक म्हणतात. ती दिल्यावर काही तास आयएल-६ उलट वाढतं आणि मग उतरतं. उपचाराआधी ज्यांचे हे आकडे चढे होते त्यांना ईसीटीचा गुण जास्त आला, असं काही अभ्यासांत दिसलं. पण अभ्यास छोटे आहेत आणि सगळ्यांचं उत्तर एक नाही. "काकू, मी तुम्हाला ईसीटी सुचवतेय ती या आकड्यावरून नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवत नाही, त्या बाळंतिणीची गोष्ट तुम्हाला खरी वाटते, आणि तुम्ही मरायचं ठरवलंय, म्हणून सुचवतेय. सीआरपी उद्या १ आला तरी मी हेच सांगेन. आणि ११ आहे तर तो दाह कुठे आहे ते आधी शोधू."

तो सापडला दाढेत. खालच्या डाव्या दाढेखाली पू होता. दुखत असणार, पण मला तेव्हा दुखणं आणि न दुखणं यातला फरकच उरला नव्हता. दंतवैद्यांना तसंही बोलवायचंच होतं, कारण फीट येते तेव्हा जबडा करकचून आवळला जातो आणि हलणारा दात तुटून घशात जाऊ शकतो. त्यांनी दाढ काढली, पुढचा एक हलणारा दातही काढला, अँटिबायोटिक दिलं. पाच दिवसांनी सीआरपी ४.२. आकडा निम्म्याहून खाली आला आणि माझं मन होतं तिथेच होतं. मुलीने रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मी भिंतीकडे वळून झोपले.

ईसीटीला मी आधी नाही म्हटलं होतं. १९८१ साली शिकत असताना मी एका मोठ्या रुग्णालयात भूल न देता दिलेला शॉक दारातून पाहिला होता. चार जणांनी माणूस दाबून धरलेला. तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. डॉक्टरनी सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायलाच बंदी आहे. साठीपुढच्या २४० जणांवर झालेला एक अमेरिकन अभ्यासही त्यांनी सांगितला, २०१६ मध्ये छापलेला: ईसीटी आणि एक औषध मिळून जवळजवळ ६२ टक्के लोक पूर्ण बरे झाले. आणखी एका अभ्यासातले १३१ जण मरणाचा विचार घेऊन आले होते. एका आठवड्यात, म्हणजे तीन ईसीटीनंतर, ३८ टक्क्यांचा विचार गेला, दोन आठवड्यांनी ६१ टक्क्यांचा, शेवटी ८१ टक्क्यांचा. या आकड्यांनी माझी भीती गेली असं नाही. मुलगी म्हणाली, "आई, एकदा माझ्यासाठी." मी सही केली. माझी सही मला ओळखू आली नाही, इतकी ती बारीक झाली होती.

पहिली ईसीटी ४ सप्टेंबरला, सोमवारी. आदल्या दिवशी सूनबाईने केस धुऊन दिले, तेल लावलं नाही. तेलामुळे इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. रात्री बारानंतर पाणीही नाही, फक्त पहाटे बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर. बांगड्या उतरवल्या. खोली साधी होती, भिंतीवर घड्याळ. भूलतज्ज्ञांनी शीर पहिल्या टोचण्यात पकडली, ते मी आत कुठेतरी नोंदवलं. उजव्या पोटरीवर बीपीचा पट्टा आवळला. तिथे स्नायू सैल करणारं औषध पोचत नाही, म्हणून फीट आली की तेवढंच पाऊल हलतं आणि बाकी शरीर शांत असतं. तोंडात रबरी ठोकळा झोपल्यावर घालतात म्हणे, मला तो कधीच दिसला नाही. भूल चढताना घशाशी लसणासारखी चव आली, आणि नंतर थेट चहा. मध्ये काहीच नाही. फीट ३८ सेकंद चालली, हे मला कागदावरून कळलं. डोकं ठणकत होतं, जबडा दुखत होता, आणि कोणता वार आहे ते सांगता येईना. पॅरासिटामॉल घेतली.

इथून पुढचं मी सूनबाईच्या वहीतून लिहितेय. तिने दोनशे पानी वहीत रोजचं टिपून ठेवलं, कारण मला ते आठवत नाही. चौथ्या ईसीटीनंतर मी दिवसभर गोंधळलेली होते, मिस्टर कामावरून आले का विचारत होते, म्हणून डॉक्टरनी आठवड्याला तीनऐवजी दोन केल्या. पाचव्यानंतरच्या सकाळी वहीत एकच ओळ आहे: "आईंनी आलं घातलेला चहा मागितला." तिने त्याखाली दोन रेघा मारल्यात. सहाव्यानंतर मुलाने भीत भीत त्या बाळंतिणीचं विचारलं, तर मी म्हटलं म्हणे, "मला तसं वाटायचं खरं." वाटायचं. हा शब्द त्याने बाहेर जाऊन सगळ्यांना फोनवर सांगितला. मरायचं आहे का हे डॉक्टर रोज विचारत. सातव्यानंतरचं माझं उत्तर वहीत आहे: "आधी गौरीच्या जेवणाचं काय केलं ते सांगा."

रुग्णालयात असताना एकूण आठ झाल्या. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरी आले.

आठवणींचं खरं ते सांगते. त्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच गोष्टी गेल्या. नातवाचा पाचवा वाढदिवस फोटोत आहे, मी केक भरवतेय, पण माझ्या डोक्यात तो नाही. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. नवीन लक्षात राहायला साधारण दोन महिन्यांत पूर्वीसारखं लागलं. जुनं, नोकरीतलं, माहेरचं, सगळं जागेवर आहे. ज्यांना आधी कुणी हे सांगितलं नाही ते नंतर चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. घरच्यांनी वही ठेवावी.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतःच्या मनाने सीआरपी पुन्हा करून घेतला. ३.६. म्हणजे ईसीटीच्या आधी ४.२ आणि मी मरायला निघालेली, नंतर ३.६ आणि मी करंज्यांचं सारण परतणारी. त्या दोन आकड्यांत काही फरक नाही, कुठल्याही टेक्निशियनला विचारा. पुढे कधी हजारो लोकांच्या रक्तावरून कुणाला कुठला उपचार लागू पडेल हे सांगता येईल, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण माझी निवड त्या कागदाने केली नाही. अंधारात विचारलेल्या एका प्रश्नाने केली.

घरी आल्यावर पहिले दोन महिने ईसीटी विरळ विरळ करत चालू ठेवली, मग थांबवली. आता लिथियम आहे. त्याची पातळी बघायला रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी काढावं लागतं, म्हणून मी सकाळी नऊला लॅबच्या दारात असते. गेल्या वेळी एक नवीन मुलगा होता. दोनदा टोचलं, शीर मिळेना, घामाघूम झाला. मी म्हटलं, "बाळा, ती सोड, सरकते ती. पट्टा जरा वर बांध, आणि बघण्यापेक्षा बोटाने चाचप." त्याने चाचपलं. तिसऱ्यांदा नळीत रक्त आलं.