तीन सायकली, एक पॅडलजोडी आणि हैदराबाद रोडचा वारा

"तिन्ही हाणून बघितल्यास ना, मग पळते कुठली ते सांग की बे!" रविवारच्या राइडला जो भेटतो तो हेच विचारतोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

एक माझी ॲल्युमिनियमची रोड बाइक, वरून एरोबार (कोपरं टेकवून पुढं पडून धरायचे दांडे) बसवलेली. दुसरी मित्राची जुनी ट्रेक स्पीड कॉन्सेप्ट. तिसरी डॉक्टरसाहेबांची सर्वेलो पी५, जिला हात लावण्याआधी मी हात धुतले. या दोन्ही ट्राय बाइक, म्हणजे ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल, पळणं एका दमात) बांधलेल्या.

नुसता वेग बघण्यात अर्थ नाही. सोलापूरहून हैदराबाद रोडनं मुळेगाव सोडून बोरामणीकडं निघालं की पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीत असतो, कुठलीही सायकल विमान वाटते. खरं काय ते परत फिरल्यावर कळतं. म्हणून पॉवर मीटरवाले (पायाची ताकद वॉटमध्ये मोजणारे) पॅडल आळीपाळीनं तिन्हींना लावले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडं दाबायचा, दोन्ही बाजूंचे सुटतात. बसवताना ग्रीस विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी पान्यावर उभं राहावं लागतं.

ताशी ३६ किलोमीटरला सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला आडवा येतो तो मुख्यतः माणूस. सायकल किलोभर हलकी केली तर या वेगाला अर्धा वॉटही वाचत नाही. तेच ब्रेकचे लिव्हर धरून बसलेला गडी एरोबारवर नीट पडला, तर तीसेक वॉट वाचतात. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडनं शेवटच्या २४.५ किलोमीटरमध्ये ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि ८ सेकंदांनी टूर मारली, तेव्हा त्याच्या सायकलला हेच बार होते. ट्रायथलॉनवाले ते आधीपासून वापरत होते.

तेव्हा निकाल ऐका. माझ्या सायकलवरून स्पीड कॉन्सेप्टवर गेलं की फरक ढळढळीत दिसतो. स्पीड कॉन्सेप्टवरून पी५वर गेल्यावर तो शोधावा लागतो. समोरून वारा असला तर सापडतो, पण दोन्हींच्या किमतीतल्या फरकाएवढा खचितच नाही. उलट पी५च्या खोल रिमच्या पुढच्या चाकाला शेजारून ट्रक गेला की असा हिसका बसतो की एरोबार सोडून खालचं हँडल धरावंच लागतं. हवाईत कोनाच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनला मागची डिस्क चाकं (आऱ्यांऐवजी अख्खी बंद तबकडी) वाऱ्यापायी वर्षानुवर्षं चालतच नव्हती, ते का ते मला बोरामणीजवळ पटलं.

आपल्याकडचा घोळ हा आहे. ट्राय बाइकचे गिअर एरोबारच्या टोकाला आणि ब्रेक खालच्या हँडलवर. शेळ्या आल्या, स्पीडब्रेकर आला, हंगामात उसाची ट्रॉली आली, की उठा. उठलात की ते तीस वॉट गेले. म्हणून माझ्या मते सोलापुरात पळते ती सायकल, जिच्यावर तुम्ही जास्त वेळ पडून राहू शकता. त्या हिशेबात माझ्या मापाला स्पीड कॉन्सेप्ट पहिली आली. पी५चा पुढचा भाग डॉक्टरांच्या मापाचा, माझी मान अर्ध्या तासात भरून आली.

रोड बाइकवर तेच बार लावून का भागत नाही? सीटची नळी. रोड बाइकला ती ७३ अंशांच्या आसपास, ट्राय बाइकला ७६ ते ८०. माणूस पुढं सरकतो, वाकला तरी मांडी पोटाला भिडत नाही. उतरून पळायला लागल्यावर पाय आपलेच आहेत असं वाटतं.

टायरचं म्हणाल तर चांगले टायर आणि लॅटेक्स ट्यूब हा सगळ्यात स्वस्तातला वेग. फक्त ट्यूबची हवा रातोरात उतरते, रोज सकाळी पंप मारायचा. आणि बाभळीचा काटा टायरची किंमत बघून शिरत नाही, तेव्हा जादा ट्यूब खिशात हवीच.

मी नवीन सायकल घेत नाहीये. डॉक्टरांना पी५ पुसून परत केली. त्यांच्याकडं जादा पडलेलं पुढून दुभंगलेलं सीट मात्र मागून घेतलंय, ते अजून मागितलेलं नाही त्यांनी.